खिडकीखालच्या विटा

नबीलाल गवंड्याच्या थोरल्या लेकीचा, मुमताजचा, निकाह झाला ते १९४६ साल. मांडव सोडताना एक बांबू निसटून माझ्यावर पडला आणि माझ्या अंगाला पोचा आला, म्हणून ते वर्ष माझ्या चांगले ध्यानात आहे. मित्रांनो, मी तेव्हाच जुना झालो होतो. मी ओळंबा. दोरीच्या टोकाला बांधलेला, खाली निमुळता होत गेलेला पितळेचा गोळा. भिंत उभी सरळ चढते आहे की कलते आहे, हे गवंडी मला लोंबकळत सोडून पाहतो.

नगरच्या एका ओताऱ्याने फुटकी समई आणि बिनबुडाचा तांब्या वितळवून मला ओतले. नबीलालच्या वडिलांनी मला घेतले, त्यांच्यामागे मी नबीलालकडे आलो. मी घरे पाहिली, शाळेची खोली पाहिली, मशिदीची भिंत पाहिली, देवळाची ओवरी पाहिली. वाऱ्याने मी हलायचो. मग नबीलाल तळहाताचा आडोसा धरायचा आणि मी थांबेपर्यंत श्वास रोखायचा. लोक भिंतीला हात लावून म्हणायचे, "ही नबीलालची भिंत दिसतीय." तेव्हा तो दोरी गुंडाळून मला फडक्याने पुसायचा. माझे कौतुक ते एवढेच. माझे काम लटकायचे आणि हलायचे थांबायचे. त्यात मला आनंद होत नाही, दुःखही होत नाही. पुढचे सांगतानाही तसेच समजा.

मिरजगावापासून दोन कोसांवर एक बाजारगाव आहे. त्याचे नाव सांगत नाही. सांगितले तर शेजारच्या गावांना वाटेल, आपल्याकडे असे काही नव्हतेच.

त्या गावचे आबासाहेब लढाई संपल्यावर पलटणीतून परत आले. परमुलखात त्यांनी एक दुकान पाहिले होते. तसेच गावात काढायचे त्यांच्या मनाने घेतले. मुमताजच्या लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी नबीलालला बोलावून घेतले. बाजारतळावर दहा-वीस माणसे जमली होती.

"डाळ, गूळ, साबण, कापड, खिळे, पाट्या, सगळं एका छपराखाली," आबासाहेब म्हणाले. "साखर आणि घासलेट रेशनवर आहे, ते सोडून सगळं. आणि दुकानदारानं काही द्यायचं नाही. गिऱ्हाईकानं आत जायचं, फळ्यांमधून हिंडायचं, आपल्या हातानं वस्तू उचलायची, दारापाशी दाखवायची."

"आपल्या हातानं?" छगन म्हणाला. छगनचे गावात किराणा दुकान होते. "मंग गिऱ्हाईक कोन अन् चोर कोन, वळखायचं कसं?"

"तू आत आलास की वळखू," मागून कुणीतरी म्हणाले. हशा पिकला.

"ह्यो तर उचल्यांचा बाजार झाला, आबासाहेब!"

नाव पडले ते पडलेच. भिंत उभी राहायच्या आधीच गाव त्याला उचल्यांचे दुकान म्हणू लागले.

नबीलालच्या हाताखाली रंगुबाई होती. पन्नाशीची विधवा बाई. घाणीत दळलेला चुना घमेल्याने वाहून द्यायची. बारा वर्षे ती त्याच्या कामावर होती आणि चुना नुसता बोटाने चोळून तो मुरला की नाही हे सांगायची. ती वेशीबाहेरच्या वस्तीतली. मित्रांनो, त्या काळी वेशीबाहेरच्या लोकांना दुकानाची पायरी चढू देत नसत. ते खाली रस्त्यावर उभे राहायचे. दुकानदार वस्तू वरून सोडायचा आणि ते पदरात किंवा धोतराच्या सोग्यात झेलायचे.

आबासाहेबांचे बोलणे रंगुबाईने लांबून ऐकले होते. परत जाताना ती म्हणाली, "मिस्त्री, दार किती हायेत त्याला?"

"एकच. म्होरचं."

"समद्यांना?"

"आबासाहेब तर तसंच बोलले."

ती दोन पावले पुढे गेली आणि वळली. मग म्हणाली, "मला साबनाची वडी हुंगून घ्यायचीय. चार वड्या हुंगायच्या अन् त्यातली एक घ्यायची. आजवर झेलली तीच घेतली."

नबीलाल हसला. "चार कशाला, धा हुंग की. नाक तुझं हाय."

हे दुकान व्हावे असे रंगुबाईला वाटत होते, ते एवढ्यासाठीच.

फळ्या कुठे येणार, माणसे कुठून वळणार, हे कागदावर कुणाला समजेना. म्हणून आबासाहेबांनी नबीलालला सांगितले, "जमिनीवरच आखा. जेवढं दुकान तेवढं." नबीलालने खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. मला सुतळीपासून खाली सोडून त्याने कोपरे धरले. रंगुबाई घमेल्यातून चुन्याची फक्की मुठीने सोडत त्याच्या मागून चालली. भिंती, दार, फळ्यांच्या रांगा, सगळ्या पांढऱ्या रेघा तिच्या हातच्या. दुपारपर्यंत ती त्या जागेवरून शंभर वेळा इकडून तिकडे गेली असेल. कुणी तिला हटकले नाही. बाजारतळच होता तो. तिथे सगळेच चालत.

चार वाजता आबासाहेबांनी गावाला बोलावले. रेघांच्या आत त्यांनी दगड मांडून ठेवले होते. काळे दगड म्हणजे गूळ, चपटे म्हणजे साबण, बारीक खडे म्हणजे डाळ. एका खोक्यावर ते दारापाशी बसले. "चला, बाजार करा!"

आधी कुणी पुढे होईना. मग मालनबाई नावाची एक शेतकरीण पाटी घेऊन उठली. "मी जाते बया. दगुड तर दगुड, फुकाट मिळत्याती." तिने दार धरून आत पाऊल टाकले, दोन खडे चाखल्यासारखे केले, काळा दगड उचलून नाक मुरडले. "आबासाहेब, गूळ वल्ला हाय तुमचा!"

गाव हसून लोटपोट झाले. मग धीर आला. बायका आत शिरल्या, म्हातारे शिरले. एक जण भिंतीच्या रेघेवरून आडवा निघाला तर सगळे ओरडले, "अरं, भिंत हाय! डोस्कं फुटंल!" तोही कपाळ चोळत मागे फिरला. छगनसुद्धा शेवटी आत आला आणि एक खडा हळूच खिशात घालून म्हणाला, "बगा, नेला का न्हाई?"

तेव्हा रंगुबाईने घमेले खाली ठेवले. हात लुगड्याला पुसले. ती दारातून आत आली. साबणाच्या रांगेपाशी गेली, चपटा दगड उचलला आणि नाकाशी नेला.

मी नबीलालच्या कमरेला लटकत होतो. हसणे थांबलेले मला कळले.

मालनबाईने हातातली पाटी उपडी केली. दगड खाली पडले. ती दाराने बाहेर गेली. तिच्यामागे दुसरी गेली. माणसे एकामागून एक बाहेर पडली, पण रेघ ओलांडून कुणी गेले नाही, सगळी दारातूनच गेली. आत रंगुबाई एकटी उरली, हातात दगड घेऊन.

"रंगे," छगन रेघेपलीकडून म्हणाला, "कळत न्हाई व्हय गं तुला?"

"काय कळायचं? मोकळी जागा हाय."

"मोकळी हुती. आता दुकान हाय."

"रेघा म्याच वढल्याती की."

आबासाहेब खोक्यावरून उठले आणि पुन्हा बसले. नबीलाल माझी दोरी बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. त्याला बोलता आले असते. तो बोलला नाही. रंगुबाईने दगड होता तिथे नीट ठेवला आणि घमेले उचलून ती दारातूनच बाहेर आली.

त्यानंतर दोन महिने पंच बसत होते. आबासाहेब म्हणाले, "दुकानात कुणाला अडवायचं नाही, असा सरकारनं कायदा केलाय." छगन म्हणाला, "कायदा मुंबईत ऱ्हातो, आबासाहेब. गिऱ्हाईक हितं ऱ्हातंय." शेवटी तोड निघाली. दुकान होऊ द्यायचे, पण मागच्या भिंतीला एक खिडकी ठेवायची. वेशीबाहेरच्यांनी तिथे उभे राहावे, आतल्या माणसाने माल द्यावा. आबासाहेब नबीलालला म्हणाले, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मिस्त्री. एकदा दुकान चालू लागू दे." बोलताना ते खाली बघत होते.

पाया भरला, भिंती चढल्या. १९४७ च्या दिवाळीनंतर मागच्या भिंतीचे काम निघाले. रंगुबाई चुना वाहतच होती. काम सोडून ती कुठे जाणार?

"मिस्त्री, ही खिडकी कुनासाठी?"

नबीलाल थापी मारत राहिला.

"सांगा की. चुना मीच वाहतीय न्हवं?"

"तुला ठावं हाय."

"ठावं हाय. तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं."

त्याने थापी ठेवली. घाम पुसला. पण नाव काही घेतले नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आज चुना नगं आनू. माती भिजव."

"भित्तीला माती? खुळे झाला काय?"

"भिजव म्हनलं ना."

मित्रांनो, आता नबीलालने काय केले ते नीट ऐका, कारण हे कुठे लिहिलेले नाही. त्याने खिडकीवरची आडवी तुळई दाराच्या उंचीवर टाकली. दोन्ही बाजू दाराच्या चौकटीसारख्या थेट जमिनीपर्यंत सरळ सोडल्या. मग मधली जागा छातीइतकी विटांनी भरून काढली. ही भर चुन्यात नव्हती, मातीत होती. बाजूच्या भिंतीत त्या विटांची टोके गुंतवली नाहीत. वरून चुन्याचा हात फिरवला की बाहेरून काहीच दिसणार नव्हते.

रंगुबाई मातीचे घमेले घेऊन उभी होती. बारा वर्षे तिने भिंती पाहिल्या होत्या. तिला कळले, हे दारच होते.

"काढाया किती येळ लागंल?" तिने विचारले.

"दोन मानसं, एक पहार. न्याहारीपासून जेवनापतूर."

"अन् काढनार कोन?"

"ते माझ्या हाती न्हाई, रंगुबाई."

"तुमच्या हाती पहार हाय की, मिस्त्री."

नबीलालने मला सोडले. वारा होता. तळहात आडवा धरून तो श्वास रोखून थांबला. मी थांबलो. एका केसाचा फरक नव्हता. इतकी बिनचूक खिडकी त्याने आधी कधी केली नव्हती.

१९४८ च्या गुढीपाडव्याला दुकान उघडले. मालनबाई पाटी घेऊन फळ्यांमधून हिंडली, गूळ हुंगून घेतला. छगनने आठवड्याभरात आपले दुकान आवरले आणि आबासाहेबांच्या दारापाशी खोक्यावर बसायचे काम धरले. चोरी काही झाली नाही. उचल्यांचे दुकान हे नाव मात्र टिकले.

नबीलाल खिडकीला लाकडी गज बसवायला गेला होता, तेव्हा रंगुबाई खिडकीशी आली. तिने साबण मागितला. आतल्या माणसाने हाताला लागली ती वडी उचलली आणि वरून सोडली. तिने पदरात झेलली. वडी पदरात झाकून ती निघून गेली. नबीलालशी ती बोलली नाही, आणि नंतर त्याच्या कामावरही आली नाही.

पुढे नबीलालच्या डोळ्यांत फूल पडले. दिसेना, तेव्हा त्याने मला मुमताजच्या घरी, राहात्याला पाठवून दिले. आता मी तिथे खुंटीला असतो. माझ्यावर हिरवा गंज चढला आहे. तिची धाकटी लेक मला झोका देते, आणि मी थांबलो की पुन्हा ढकलते. मला पुसा, तेल लावा, असे मी म्हणणार नाही. पितळ आहे, टिकेल. पण मित्रांनो, कधी त्या गावी गेलात तर दुकानाच्या मागच्या बाजूला जा. खिडकीखाली चुन्यावर नखाने खरवडून पाहा. माती लागेल. पहार कुणाकडेही मागा, मिळेल. नबीलालप्रमाणे माझ्याकडे बघत उभे राहू नका.

रंगुबाई १९४९ साली, पोळ्यानंतर चौथ्या दिवशी, तापाने वारली. तोवर त्या विटांना कुणी हात लावला नव्हता.