बाबांची आठवी सही

गणिताच्या बाईंनी यंदा प्रत्येकाच्या हातात एक पान दिलं. त्यावर आठ धडे, आठ रकाने. घरी जाऊन धडा आईला किंवा बाबांना समजावून सांगायचा, त्यांनी "समजलं" लिहून सही करायची. आठ सह्या झाल्या की वरच्या तुकडीसाठी नाव जाणार. मला त्या तुकडीत जायचंच होतं. गेल्या वर्षापर्यंत मी शेवटच्या बाकावर बाईंची नजर चुकवत बसायचे. यंदा गणित जमायला लागलं आणि तेव्हापासून मी इतकी बोलते की घरात माझं नाव भोंगा पडलंय.

माझ्या मैत्रिणीने आठही सह्या एका जेवणात उरकल्या. तिचे बाबा एका हाताने जेवत होते आणि दुसऱ्याने सह्या करत होते. माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. प्रत्येक लिफ्टची एक वही असते, त्यात तपासणाऱ्याने वेळ टाकून सही करायची. न तपासता सही केली आणि उद्या दोर तुटला तर, हा प्रश्न त्यांच्या अंगात मुरलाय. त्यांच्या लेखी माझं पानही तसलंच.

सात सह्या मी रडतखडत मिळवल्या. आठवा धडा होता अपूर्णांकांचा भागाकार.

"तीनला पाऊणने भागायचं, म्हणजे तीन छेद चारने," मी सांगितलं. "तर तो अपूर्णांक उलटा करायचा, चार छेद तीन, आणि गुणायचं. उत्तर चार. करा सही."

"उलटा का करायचा?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

"अहो बाबा, गणिताचा. तुम्हालाही शाळेत असाच शिकवला असेल ना?"

"असाच शिकवला. तेव्हाही कळला नव्हता."

आई इस्त्री करत होती. "करून टाका की हो. पोरीचं वर्ष कशाला अडवताय?"

"मग तू कर."

"मी कशी करू? मला तरी कुठे कळलंय," आई म्हणाली आणि पुढचा शर्ट ओढला.

बाबांनी पेन घेतलं. त्यांनी रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, "उत्तर बरोबर. उलटं का करायचं ते समजलं नाही. तपासणी अपुरी." खाली सही नाही. मी तासभर कुणाशी बोलले नाही, आणि भोंगा बंद आहे हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते वाचलं. मग त्यांनी वर्गाला विचारलं, "भागाकारात उलटं का करतात, कोण सांगेल?"

टेबलावर आठ-आठ सह्यांच्या पानांचा गठ्ठा होता. हात एकही वर नाही. मैत्रीण पंख्याकडे बघत होती.

"नावं उद्या दुपारी जाणार," बाई मला म्हणाल्या. "आज परत सांगून बघ. नियम बाजूला ठेव. तीनमध्ये पाऊण किती वेळा मावतं, तिथून सुरू कर."

संध्याकाळी मी तीन मीटर सुतळी मोजली. त्यातून पाऊण मीटरचा एक तुकडा कापला, मग दुसरा, तिसरा, चौथा. उरलं काहीच नाही.

"चार आले, हे मान्य," बाबा म्हणाले. "उलटं कुठे आलं?"

मी नवी एक मीटर सुतळी घेतली. "यातून किती तुकडे?"

"एक. आणि पाव मीटर उरतं."

"म्हणजे सव्वा तुकडा," आई इस्त्री बंद करून खाली बसत म्हणाली.

"एका मीटरला सव्वा, तर तीन मीटरला पावणेचार," बाबा म्हणाले. "आणि उत्तर तर चार. घोळ आहे."

घोळ खरंच होता. मी पाऊण मीटर कापून घेतलं आणि उरलेला वीतभर तुकडा हातात फिरवत बसले. मग सहज तो पाऊण मीटरच्या तुकड्यावर ठेवून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा. बरोबर भरला.

"हा मीटरचा पाव आहे," मी सावकाश म्हणाले, "पण आपण मीटर मोजतच नाही, तुकडे मोजतोय. तुकड्याचा हा तिसरा हिस्सा. म्हणजे एका मीटरमध्ये एक तुकडा आणि वर तिसरा हिस्सा. चार छेद तीन. बाबा, तोच तो उलटा केलेला. एका मीटरला किती तुकडे, एवढंच तो सांगतो. मीटर तीन, म्हणून तीनने गुणायचं."

हे माझ्याच तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा कळत होतं.

बाबांनी सुतळी स्वतः ठेवून पाहिली. "अर्ध्या मीटरचा तुकडा असता, तर एका मीटरला दोन. एक छेद दोनचं उलट, दोन. जमलं." मग "समजलं" लिहून सही केली, शेजारी वेळ टाकली, सात वाजून दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी पान पाहिलं, माझं नाव यादीत लिहिलं आणि माझ्यासमोरच बाबांना फोन लावला. "नाही समजलं असं लिहिणारे तुम्ही एकटेच. त्यामुळे मला कळलं, अख्खा वर्ग तिथेच अडलाय. हा धडा मी सोमवारी परत घेतेय, सुतळी घेऊन."

"घ्या," बाबांचा आवाज कुठल्याशा यंत्रखोलीतून घुमला. "आणि बाई, पुढच्या पानावर रकाने जरा मोठे ठेवा. 'समजलं' लिहायला ते पुरतात, शंका लिहायला जागा पुरत नाही."