सहा वाजताचा पेला

मावशींनी इस्पितळात बत्तीस वर्षं आयाबाईचं काम केलं. चादरी बदलल्या, भांडी उचलली, पण त्यांचं नाव झालं ते एकाच गोष्टीत. ऑपरेशनच्या आदल्या रात्री खाटेला ‘उपाशी’ची पाटी लटकवायची, पाण्याचा तांब्या उचलायचा आणि मग पेशंटने कितीही गयावया केली तरी ढिम्म हलायचं नाही. यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नातेवाइकांनी उशीखाली लपवलेली बाटली त्या बरोबर हुडकून काढत. पोटात काही असलं आणि भुलीत उलटी झाली, तर ती फुप्फुसात जाऊन जीव जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता त्या निवृत्त झाल्या होत्या. इस्पितळ दुसरं होतं आणि खाटेवर त्यांचा स्वतःचा नवरा होता. हा गृहस्थ वायरमन, जन्मभर विजेशी खेळला, पण सुई पाहिली की याचं पाणी पाणी व्हायचं. आतड्याचा एक तुकडा काढायचा होता, सकाळी नऊला. खाटेला पाटी नव्हती. रात्री तांब्या उचलायलाही कुणी आलं नाही, म्हणून तो मावशींनीच उचलून कपाटात कोंडला होता.

आणि सकाळी सहाला एक तरुण सिस्टर चक्क पेला घेऊन आली. आत काहीतरी फिकट, गोडसर वासाचं.

“काका, सावकाश प्या हं. यानंतर मात्र काही नाही,” म्हणाली आणि घाईघाईने पुढच्या खोलीत गेली.

मावशी पेल्याकडे बघतच राहिल्या. ऑपरेशन नऊला आणि पेला सहाला? दुसऱ्या कुणाचा इथे आला का? पण पोरीने तर यांचं नाव विचारून, मनगटावरची पट्टी वाचून दिला होता. मग पोरगीच नवखी असणार. ओरडावं, तर बिचारीची नोकरी जायची. गप्प बसावं, तर नवरा जायचा.

“अगं, दिलंय तर पितो की,” नवरा म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा. यातलं तुम्हाला काय कळतंय?”

“मग विचारून तरी ये.”

विचारायचं कुणाला, आणि कशाला? बत्तीस वर्षं का उगाच गेली? मावशींनी पेला उचलला, बेसिनमध्ये रिकामा केला आणि जागेवर ठेवला.

साडेसहाला सिस्टर परत आली. “शाब्बास काका!” म्हणत तिने कागदावर बरोबरची खूण केली. काकांनी तोंड उघडलं, तसा चादरीखालून त्यांना सणसणीत चिमटा बसला.

“आता घशाला कोरड पडणार नाही, जीव घाबरा होणार नाही,” सिस्टर म्हणाली. “ऑपरेशननंतर थकवाही जरा कमी वाटतो. जादू नाही हो, पण बरं पडतं. पूर्वी बिचाऱ्यांना उगाच तासन् तास तहानलेलं ठेवायचे.”

“उगाच?” मावशींचा आवाज चढला. “अहो, भुलीत उलटी झाली तर?”

“जेवण, दूध असेल तर भीती खरीच, काकू. पण असं साखरेचं पाणी दोन तासांत पोटातून पुढे सरकतं. ज्यांना चालत नाही त्यांना देतच नाही. काकांचं सगळं तपासूनच डॉक्टरांनी लिहिलंय.”

मावशी स्टुलावर बसल्या.  मग त्यांच्या जुन्या इस्पितळातली ती बाई? सात नंबरच्या खाटेवरची, शिवणकाम करणारी. नऊचं ऑपरेशन लांबत लांबत तीनवर गेलं होतं. ओठ फुटले होते तिचे. मावशींचं मनगट धरून म्हणाली होती, “एक घोट द्या. नाही तर नुसतं बोट बुडवून ओठांना लावा.” मावशींनी तिची बोटं एकेक करून सोडवली होती. हा किस्सा त्या घरी मोठ्या तोऱ्यात सांगायच्या.

सिस्टर दाराशी पोचली होती.

“थांब गं,” मावशी म्हणाल्या. बोलताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “त्यांनी नाही प्यायलं. मी ओतून टाकलं.”

आता गोंधळायची पाळी सिस्टरची होती. तिने एकदा बेसिनकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, मग खूण खोडली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, सातच्या आत संपत असेल तरच द्या. दुसरा पेला आला. या खेपेला मावशींनी तो स्वतः नवऱ्याच्या ओठांना लावला. आपण त्याला वाचवतोय की मारतोय हे अजूनही त्यांचं त्यांना ठरवता येत नव्हतं. सातला पाच कमी असताना पेला संपला.

दुपारी नवरा खोलीत परतला. ऑपरेशन नीट झालं होतं. त्याने डोळे उघडले, बायकोला ओळखलं आणि चिमटा अजून दुखतोय म्हणून तक्रारही केली.

“आत जाताना तहान लागली होती का हो?” मावशींनी विचारलं.

“तहान? छे. मुळीच नाही.”

हेच तर ऐकायचं होतं. तरी मावशींना रडू कोसळलं, काही केल्या थांबेना.

“अगं वेडे, मी बरा आहे ना. रडतेस कशाला माझ्यासाठी?”

“तुमच्यासाठी नाही.”

“मग कुणासाठी?”

मावशींनी नाव आठवायचा प्रयत्न केला. ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

“सात नंबरसाठी,” त्या म्हणाल्या.