ह्यूगोचं खरं नाव

शुक्रवारी संध्याकाळी मॅक्सनं मला काचेच्या खोलीत बोलावून घेतलं आणि विचारलं, "टेसा, सोमवारी जेवायच्या सुट्टीपर्यंत सांग. माणसं की कोड?"

मॅक्स म्हणजे आमचा साहेब. पण 'साहेब' म्हणायची सोय नाही. आमच्या पांग्योतल्या कंपनीनं सगळी पदं मोडीत काढली, प्रत्येकाला एकेक इंग्रजी टोपणनाव दिलं आणि सरसकट अरे-तुरे सुरू केलं. खरं कोरियन नाव घ्यायचं नाही, वय विचारायचं नाही, कोण वरचा कोण खालचा हे काढायचं नाही. अर्थात वरचा कोण ते पोराटोरांनाही कळतं. खोली त्याची काचेची असते.

काही महिने मी टीमची हंगामी लीड होते. आता कायमची लीड व्हायचं, म्हणजे माणसं सांभाळायची आणि कोडला हात लावायचा नाही. नाहीतर ते सोडून पुन्हा मुकाट कोड लिहायचा. मला तर हंगामी असतानाही लीड म्हणजे नक्की काय करतात ते समजलेलं नव्हतं. दिवसभर मीटिंगा करायचे आणि संध्याकाळी वाटायचं, आज केलं काय आपण?

त्यात ह्यूगो. ह्यूगो माझ्या टीममध्ये, आणि माझ्याहून चांगला चौदा-पंधरा वर्षांनी मोठा. आधीच्या मोठ्या कंपनीत तो विभागप्रमुख होता. ते सगळं सोडून पुन्हा कोड लिहायला मिळावा म्हणून इथं आला. "ह्यूगो, झालं का रे ते?" असं त्याला विचारताना दर वेळी तोंडात 'अहो' यायचं आणि ते मी गिळायचे. आमच्याकडे वर्षभरानं मोठा असला तरी माणूस मान तुकवून बोलतो, आणि मी या टक्कल पडलेल्या माणसाला 'अरे' म्हणत होते! माझा निर्णय जवळजवळ झालेला होता. कोड बरा. कोडला वय नसतं.

शनिवारी सकाळी कंपनीची सूचना आली. 'ह्यूगोच्या वडिलांचं निधन. कुन्सान येथील रुग्णालयाचं अंत्यविधीगृह. खोली अद्याप ठरलेली नाही.'

लीडनं जायचं असतं, एवढं मला माहीत होतं. मी काळे कपडे चढवले, टीममधल्या लिओ आणि रूबीला गाडीत घातलं आणि निघाले. तीन तास गाडी चालवून पोचलो. दारातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्या खोल्यांची यादी होती. गेलेल्या माणसाचा फोटो, नाव, खाली मुलांची नावं. आम्ही तिघांनी पडद्यासमोर उभं राहून यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"ह्यूगोचं नाव काय?" रूबीनं हळूच विचारलं.

लिओ म्हणाला, "टेसा, तुला माहीत असेल ना. तू लीड आहेस."

मला माहीत नव्हतं. सूचनेत तरी खरं नाव असायला हवं होतं. पण कंपनीच्या कुठल्याही मजकुरात कुणाचं खरं नाव आलं की ते आपोआप पुसून तिथं टोपणनाव घालणारा प्रोग्राम आहे. तो मीच लिहिलाय. त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती.

ह्यूगोला फोन लावला, उचलला नाही. मॅक्सला लावला. "खरं नाव?" मॅक्स म्हणाला. "ह्यूगोच ना?"

"मॅक्स, तो कुन्सानचा आहे रे. त्याच्या आईबापांनी त्याचं नाव ह्यूगो कशाला ठेवलं असेल?"

"मग मला नाही सांगता यायचं," तो म्हणाला. "सोमवारचं लक्षात आहे ना?"

शेवटी आम्ही कानांवरून ठरवलं. ह्यूगोचे कान मोठे, जरा पुढं आलेले. तसे कान असलेले एक आजोबा पडद्यावर सापडले. त्या खोलीत गेलो, फुलं वाहिली, फोटोपुढं दोनदा कपाळ टेकलं, घरच्यांना एकदा नमस्कार केला. ह्यूगो दिसला नाही, पण असेल कुठंतरी. आम्हाला बैठ्या टेबलापाशी बसवून वाफाळता तिखटजाळ रस्सा आणि भात वाढला. लिओला भूक लागलेलीच होती. त्याचा निम्मा वाडगा संपला तेव्हा एक म्हातारी येऊन शेजारी बसली.

"आमच्यातल्या कुणाचे तुम्ही?"

"ह्यूगोच्या ऑफिसातले, आजी."

"कोण?"

"ह्यूगो."

"असला कोण नाही बाई आमच्यात!" म्हातारीनं भुवया वर नेल्या. "आमचे तिघंही पोरगे मासळीच्या धंद्यात. कसा दिसतो तुमचा हा?"

"टक्कल आहे. चष्मा आहे. कान मोठे."

"काम काय करतो?"

आता आली का पंचाईत. रूबी म्हणाली, तो प्लॅटफॉर्म बघतो. म्हातारीनं विचारलं, रेल्वेत आहे का? लिओ म्हणाला, आर्किटेक्ट. मग घरं बांधतो का? मी म्हणाले, "तसं नाही आजी. सिस्टिम बंद पडू नये म्हणून तो... म्हणजे त्याचं पद असं नाही, पण..." आणि अडकले. ज्याची मी लीड, तो करतो काय हे मला एका वाक्यात सांगता येईना.

"कॉम्प्युटरचं काहीतरी," मी कशीबशी म्हणाले.

"मग असं सांगा की!" म्हातारीनं मांडीवर थाप मारली. "समोरच्या खोलीतला तो. सकाळपासून मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसलाय मेला. बाप तिथं फोटोत गेला आणि हा टकटक करतोय. आमच्या सुनांना दुसरा विषय नाही. जा, पण आधी रस्सा संपवा. पानात टाकायचं नाही."

आम्ही रस्सा संपवला. टाकवेना.

समोरच्या खोलीबाहेर मुलाचं नाव होतं, मिन ग्वांगसू. मी ते दोनदा वाचलं. इतके महिने ज्याच्याशी रोज बोलत होते, त्याला मी पहिल्यांदाच भेटत होते असं वाटलं. फोटोतल्या वडिलांचे कान अगदी लहान होते.

आत ह्यूगोची आई एकटीच बसलेली होती. काळ्या हानबोकच्या पायघोळ पोशाखात ती बाई एवढीशी दिसत होती. आम्ही पुन्हा फुलं वाहिली, पुन्हा कपाळ टेकलं. तिनं विचारलं, "ग्वांगसूच्या ऑफिसातले का?"

तिचा मुलगा पन्नाशीचा, आणि मी त्याची वरिष्ठ! त्याच्या आईसमोर, त्याच्या बापाच्या फोटोसमोर हे तोंडातून कसं काढायचं? मी मान खाली घालून म्हणाले, "हो आई. आम्ही त्यांच्या हाताखाली काम करतो."

लिओनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"म्हणजे टेसा नाही आली?" आई म्हणाली. तिचा चेहरा पडला. "ती याची वरची. हा फोनवर तिचंच सांगायचा. याचा बाप म्हणायचा, एवढीशी पोर ग्वांगसूला कामं सांगते, बघायला पाहिजे एकदा. मला वाटलं, ती तरी येईल. माझं काम होतं तिच्याकडे."

"काय काम होतं?" मी विचारलं.

"त्याला सोडव म्हणायचं होतं. या आठवड्याची अलार्मची ड्युटी त्याच्या नावावर आहे म्हणे. मध्येच काही बंद पडलं तर यानंच धावायचं. त्या पडद्यामागच्या खोलीत बसलाय, बाहेर यायला तयार नाही. मी म्हटलं, अरे टेसाला फोन कर, ती सोडेल. तर म्हणतो, तिला नको सांगूस, तिच्याच डोक्याला सध्या ताप आहे."

मी फुलांचं चक्र मागवून ठेवलं होतं. काळा टाय लिओला आठवणीनं आणायला लावला होता. आणि ड्युटीच्या वेळापत्रकातून ह्यूगोचं नाव काढायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम. ते लीडच करू शकते.

"आई," मी म्हणाले, "मीच टेसा."

खोटं का बोलले ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझं मनगट धरलं आणि पडद्याकडे ढकललं.

आत ह्यूगो भिंतीला टेकून बसलेला होता. काळा सूट, दंडावर शोकाची पट्टी, मांडीवर लॅपटॉप. मला पाहून तो उठायला लागला.

"बस," मी म्हणाले. "ते दे इकडे. ड्युटी माझी."

"टेसा, अगं, एवढ्यासाठी आलीस? मी बघतोय ना."

"दे म्हटलं ना. आईजवळ जाऊन बस."

त्यानं लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून ठेवला. "हे घेतलंस," तो म्हणाला, "तर मग मी करू काय?"

याचं उत्तर मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मॅक्सनं लीडच्या कामाचे चाळीस मुद्दे पाठवले होते, त्यातही ते नव्हतं. मी हात पुढे केला होता तो तसाच ठेवला. हात दुखायला लागला. मग त्यानं लॅपटॉप दिला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पडदा सारून बाहेर गेला.

मी त्याच्या जागी बसले आणि अलार्मची नोंद उघडली. ती कोरी होती. सिस्टिम ठणठणीत होती. सकाळपासून कुठंच काही बंद पडलेलं नव्हतं. हा माणूस इतके तास नुसताच लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसला होता.

बाहेरून आवाज आला. आधी मला वाटलं आई रडते आहे. ती नव्हती. "आयगो," असं म्हणत एक पुरुष मोठमोठ्यानं, लहान पोरासारखा रडत होता, आणि आई त्याला "रड, रड" म्हणत होती.

लिओनं पडद्यातून डोकं आत घातलं. "काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग तू इथं काय करतेयस?"

"माहीत नाही रे," मी म्हणाले, "पण मी इथून हलणार नाही. मॅक्सला कळव, सोमवारपर्यंत कशाला थांबायचं, मी लीड व्हायला तयार आहे म्हणावं."