खालच्या फळीवरची लाल वाईन

तिने बाटली टेबलावर आदळली तेव्हा नवरा काटे-चमचे पुसत होता. त्याने आधी बाटलीकडे पाहिलं आणि मग, सगळा गुन्हा बाटलीचाच असल्यासारखं, नाक मुरडलं.

"काय नाव हिचं?"

"आधी चाखा."

"नाव न कळता चाखायला मी काय पाहुणा आहे? आणलीस कुठून?"

"कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानातून. सगळ्यात खालच्या फळीवर होती."

तो हसला. ते हसू ती वर्षभर गिळत आली होती.

सहा टेबलांचं रेस्तराँ दोघांचं होतं. चूल तिची, वाईन त्याची. कुठल्या पदार्थाबरोबर कुठली बाटली, हे ऐकायला लोक लांबून यायचे. संध्याकाळी दार उघडण्याआधी तो प्रत्येक पातेल्यातला घास चाखायचा आणि तो म्हणेल तसं ती मीठ-मसाला वाढवायची. ही पद्धत पहिल्या दिवसापासूनची. पण वर्षभर त्याचं एकच पालुपद चाललं होतं, "अळणी. तुझ्या हाताची चवच गेलीय." ती मीठ वाढवत गेली. गिऱ्हाइकं कमी होत गेली, आली तीही पाण्याचे जग रिकामे करू लागली, आणि खापर फुटलं ते तिच्याच डोक्यावर.

गेल्या आठवड्यात तिला राग अनावर झाला. मंद आचेवरचं मटण त्याने चाखायच्या आधीच तिने वाटीभर बाजूला काढलं आणि ही स्वस्तातली, कुणी न ऐकलेली वाईन पेल्यात ओतून ओट्याशी उभ्याउभ्याच जेवली. वाईनच्या तुरट घोटाने तोंडातला तेलकटपणा गेला आणि मागे कांद्याची गोडी राहिली. हात तोच होता. चव कुठेही गेली नव्हती.

"असली रद्दी माझ्या टेबलावर येणार नाही," नवरा म्हणाला. "तुला त्यातलं काय कळतं? त्यापेक्षा मटणात मीठ घाल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक स्वयंपाकघरात शिरली. ओट्याखालच्या बरणीत ती बाटल्यांच्या तळाशी उरलेली लाल वाईन साठवायची. ती आंबून तिचं व्हिनेगर झालं की मांस मुरवायला उपयोगी पडे. तिने त्यातलं पेलाभर काढलं. तो थुंकेल, ओरडेल, मग तिलाही ओरडता येईल. तिला आज भांडणच हवं होतं.

"घ्या. ही तुमचीच, त्या मोठ्या नावाची. कालची उरलीय."

त्याने पेला फिरवला, घोट घेतला, डोळे मिटले.

"बघ, वाईन म्हणतात ती ही. पिकलेलं फळ, आणि शेवटी किंचित लाकडाचा वास."

हातभर अंतरावरूनही त्या आंबट वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ते व्हिनेगर आहे," ती म्हणाली.

त्याने पेला खाली ठेवला. थट्टा करतेस का, असंही विचारलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गेल्या हिवाळ्यात तो ताप आला ना, तेव्हापासून. वास नाही, चव नाही. वाटलं, येईल परत. जुन्या बाटल्या पाठ आहेत, नाव कळलं की बोलता येतं. नवीन आली की..." तो थांबला.

"आणि माझ्या हाताची चव गेली!"

त्याने पेला बोटाने दूर सरकवला.

"नाचता येईना अंगण वाकडं, इतपत एक वेळ मी सोसलं असतं. तुम्ही ते अंगण माझ्याकडूनच खणून घेतलंत. रोज! माझं चांगलं शिजलेलं अन्न मीच माझ्या हाताने नासवलं, तुमच्या शब्दाखातर. रात्र रात्र जागून विचार केलाय मी, माझं कुठे चुकतंय म्हणून."

"सांगितलं असतं तर लोक कशाला आले असते? दुसरं काय येतं मला?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला जास्तच राग आला. तिने आत जाऊन ताट वाढून आणलं. मधल्या टेबलावर बसून खालच्या फळीवरची ती वाईन स्वतःसाठी ओतली आणि जेवायला लागली.

"कीव येत असेल तुला माझी," तो हळूच म्हणाला.

"येईल. आज नाही."

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. ती उठली नाही. तो दारापर्यंत गेला आणि कडीवर हात ठेवून वळला.

"या वाईनबद्दल विचारलं तर काय सांगू?"

तिने तोंडातला घास सावकाश संपवला.

"सांगा, मला चव कळत नाही, बायकोला विचारा."

दार पुन्हा वाजलं. त्याने कडी काढली.