ही बाई कोण?

लाकूडतोड्याने एकतीस वर्षांत बायकोचा चेहरा सतरा वेळा लाकडात कोरला होता आणि सतराही वेळा बायकोने तो ओला छाप हातात धरून एकच प्रश्न विचारला होता, "छान झालंय, पण ही बाई कोण?"

लाकूडतोड्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची आणि कागदावर छापायचं, हा त्याचा उद्योग. आयुष्यात त्याने एक फांदीसुद्धा तोडली नव्हती, पण सोबतच्या चित्रकारांनी गमतीने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. बाकी हात असा की काहीही सांगा, हुबेहूब उतरवायचा. जिना, किटली, खुंटीवरचा कोट, शेजाऱ्याचं टक्कल. शेजाऱ्याने तर ते टक्कल चौकट करून बाहेरच्या खोलीत लावलं होतं. फक्त घरच्या माणसापाशी आला की हा हात हरायचा, आणि ते त्याला फार लागायचं.

बायको पुढच्या खोलीत बायकांचे केस कापायची. भिंतभर आरसा, वरखाली होणारी एक खुर्ची, कात्र्या ठेवायचा एक ट्रे, एवढं तिचं दुकान. गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहून ती दिवसभर आरशातल्या माणसाशी गप्पा मारायची. महिन्यातून एकदा नवऱ्याचाही नंबर लागायचा. केस डोळ्यांत गेलेले त्याला खपायचे नाहीत. त्यामुळे खुर्चीत बसल्या बसल्या तो डोळे घट्ट मिटायचा आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचा.

चित्रात नाक मोठं आलं म्हणून रुसणाऱ्यांतली ती नव्हती. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिची डावी भुवई मधोमध तुटली होती, हसताना ओठांचा एकच कोपरा वर जायचा, भांग जरा तिरका पडायचा. हे सगळं सतराही चित्रांत होतं. ती म्हणायची, "सगळं जिथल्या तिथे आहे हो. पण ओळख पटत नाही," आणि फण्या धुवायला निघून जायची. लाकूडतोड्या मग दोन दिवस कुणाशी धड बोलायचा नाही.

या वर्षी त्याच्या उजव्या अंगठ्याने असहकार पुकारला. सांधा पार झिजलाय, कोरणी आता हातात धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, घरी आला आणि अठराव्या ठोकळ्यासाठी लाकूड काढलं. हा शेवटचा. या वेळी तरी तिने म्हणायला हवं होतं, की ही मी. अंगठा गेला तर गेला, पण तिचा तो प्रश्न कायमचा उरावर घेऊन बसायची त्याची तयारी नव्हती.

अकरा दिवस रोज दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, तो तिच्यासमोर स्टूल टाकून बसला आणि पातळ ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने तिला उतरवत राहिला. छापताना चित्र उलटं होतं, डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणून चित्राचा कागद पालथा करूनच लाकडावर उतरवायचा असतो. हा कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, तेव्हा खूण म्हणून लाकूडतोड्या त्याचा उजवा कोपरा कापून ठेवायचा. तुटका कोपरा डावीकडे दिसला, की कागद बरोबर पालथा पडला. या वेळचा कागद गुंडाळीच्या टोकाचा होता आणि त्याचा डावा कोपरा मुळातच फाटलेला होता. तुटका कोपरा डावीकडे आहे एवढं लाकूडतोड्याने पाहिलं आणि कागद न पलटता बायको लाकडावर उतरवली.

मग पाच आठवडे, अंगठ्याला पट्टी गुंडाळून, रोज थोडं थोडं कोरलं. ठोकळ्यावरची बायको अगदी बायकोसारखी दिसतेय, याचं त्याला मनातून कौतुक वाटत होतं. खरं तर तिथेच त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. इतकी वर्षं ठोकळ्यावर तिला उलटीच पाहिलेला माणूस, पण आनंदाच्या भरात कुणाचं लक्ष असतं?

शुक्रवारी सकाळी त्याने पहिला छाप काढला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तुटकी भुवई भलतीकडे. हसरा कोपरा भलतीकडे. भांग दुसऱ्या बाजूला कललेला. एखादी दूरची नातेवाईक असावी तशी ती बाई त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्याशी आपलं काय नातं हे त्याला काही केल्या आठवेना. शिकाऊ पोरही पहिल्या महिन्यानंतर जी चूक करत नाही, ती त्याने शेवटच्या ठोकळ्यावर केली होती. पुन्हा कोरायला अंगठा उरला नव्हता. त्याने तो छाप जुन्या चित्रांच्या गठ्ठ्यात तळाशी सारला आणि बायकोला सांगितलं, शाई वाळतेय.

महिन्याच्या पहिल्या रविवारी हे सगळे चित्रकार त्यांच्या सामाईक छापखान्यात जमायचे. खोलीभर आडवी दोरी बांधलेली, तिला कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लावलेली. ज्याचं चित्र त्याने उभं राहून सांगायचं. कसं केलं ते नाही, कुठून आलं ते. मग इतरांनी मिळून एकच प्रश्न विचारायचा, आणि जो सगळ्यांत आधी मागेल त्याने ते चित्र घरी न्यायचं. रविवार म्हणजे दुकानात गर्दीचा दिवस, त्यामुळे बायको तिथे कधीच गेली नव्हती. या खेपेला तिने दाराला पाटी लावली, नवी साडी नेसली आणि म्हणाली, तुमचा शेवटचा ठोकळा, मी येणार. लाकूडतोड्याने गठ्ठा काखेत मारला. वरचं जिन्याचं जुनं चित्र लावून वेळ मारून न्यायची, असं त्याने ठरवलं होतं.

आधी चित्रकलेच्या बाई उठल्या. शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांच्या चित्रात नुसता राखाडी अंधार होता, पण जवळ गेलं की त्यातून हजारो अक्षरं वर यायला लागायची. शेवटच्या दिवशी फळा पुसला तेव्हा त्यावर चौतीस वर्षांचं पुसलेलं सगळं दिसलं, असं त्या म्हणाल्या. मग दगडावर चित्र काढून छापणारा दगडवाला उठला. त्याच्या कागदावर एकच चकचकीत रेघ वळणं घेत गेली होती. एका गोगलगाईच्या मागे तो चार दिवस रोज सकाळी चालला होता. बायकोने गोगलगाईच्या रेघेवरून हवेतच बोट फिरवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस कुठल्या जगात येऊन बसतो, ते तिला आज दिसत होतं.

लाकूडतोड्याची पाळी आली. तो गठ्ठ्याची गाठ सोडतोय तोवर दगडवाल्याने मदतीच्या घाईत अख्खा गठ्ठा ओढला, चित्रं जमिनीवर पसरली आणि नवी शाई चमकत होती तो कागद त्याने बरोबर उचलला. नको नको म्हणेपर्यंत चिमटे लागलेसुद्धा.

लाकूडतोड्या उभा राहिला. कुठून आलं ते खरं सांगायचं, हा इथला नियम होता, आणि तो त्याने कधी मोडला नव्हता.

"चुकून आलं," तो म्हणाला. "कागद पालथा करायचा राहिला. ही तिच्यासारखी दिसत नाही. माझ्याकडून तेवढं झालं नाही."

बायको मात्र केव्हाच उठून दोरीपाशी गेली होती. चित्रापासून वीतभर अंतरावर ती उभी राहिली. तिने मान जराशी तिरकी केली, कपाळावरची बट मागे सारली, दुकान उघडण्याआधी रोज सारते तशी. मग तिचा हात तुटक्या भुवईकडे गेला. चित्रातल्या नव्हे, स्वतःच्या. ती वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ओठांचा एक कोपरा वर गेला होता.

"ही मी आहे," ती म्हणाली.

लाकूडतोड्याला वाटलं, चारचौघांत आपली लाज राखायला म्हणतेय. ते तिच्या लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "अहो, मला मी कुठे दिसते? आरशातच ना? दिवसाचे दहा तास मी हिच्यासमोर उभी असते. आई गेली त्या दिवशी हिनेच मला बघितलं, मुलगी झाली त्या दिवशीही हिनेच. ही मी सोडून कुणालाच माहीत नाही, असं मला वाटायचं. तुम्हाला कशी सापडली?"

लाकूडतोड्या चित्राजवळ गेला. एकतीस वर्षं एका ताटात जेवून, एका छपराखाली भांडून, एक चेहरा आपण पाहिलाच नव्हता. तो रोज पुढच्या खोलीत होता, दहा पावलांवर. आणि त्याच्याच हाताने तो कोरला होता, त्याला न विचारता. हात माणसाहून इतका मोठा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. चित्रकलेच्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. खोलीतला प्रत्येकजण आळीपाळीने चित्राकडे आणि तिच्याकडे बघत होता, जणू दोन बहिणी भेटल्या होत्या आणि आपण मध्ये बोलू नये.

शेवटी नियमाप्रमाणे दगडवाल्याने एकच प्रश्न विचारला. "मग वहिनी, याआधी सतरा वेळा याने काढली ती कोण?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"ती त्यांची बायको," ती म्हणाली. "तिलाही घरी नीट ठेवलंय मी, सतराही छाप. उगाच नाही ठेवले. त्यांना मी कशी दिसते, ते त्याशिवाय मला कुठून कळणार होतं?"

मग तिने चित्र मागितलं. ती काही मंडळाची सभासद नव्हती, पण नियमावर बोट ठेवायला कुणी पुढे आलं नाही. दगडवाल्याने चिमटे काढले आणि कागद दोन्ही हातांवर धरून तिला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, लाकूडतोड्या आपणहून खुर्चीत येऊन बसला. केस वाढले होतेच. बायकोने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री घेतली आणि त्याच्या मागे उभी राहिली. समोर आरशात ती होती. भुवई तिकडे, भांग इकडे, काल दोरीवर होती अगदी तशी. तिने आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मिटा डोळे, केस जातील."

कात्री चालू झाली. केस गालांवर पडले, पापण्यांवर पडले, डोळ्यांत गेले, डोळे चुरचुरले, पाणी यायला लागलं. लाकूडतोड्याने डोळे मिटले नाहीत.