पेट्रोल पिणारा

दाजींची गाडी मेहुणाच चालवायचा. टाकी भरून आणली, तरी काटा अर्ध्यावरच. "काय मेहुणे, पेट्रोल गाडी पिते की तुम्ही?" दाजी चारचौघांत विचारायचे आणि लोक दात काढायचे. बहीण हसायची नाही, पण गप्प बसायची. तेच जास्त लागायचं.

ऐकून ऐकून कान किटले, तेव्हा मेहुण्यानेच मागची सीट उपसली. टाकीवरच्या, पेट्रोल मोजणाऱ्या सेन्सरची वायर सोडवून गाडीच्या पत्र्याला टेकवली, तसा काटा सरळ 'फुल'वर गेला. म्हणजे काटा ठीक, वायरही ठीक. दुखणं टाकीच्या आत. त्याने सेन्सर बाहेर ओढला. त्याच्या दांडीला एक पोकळ फ्लोट असतो. तो पेट्रोलवर तरंगला, तरच काटा वर राहतो. हा मेला तडकला होता. कानाशी हलवला तर आत पेट्रोल खुळखुळलं. ढोसून जड झालेला पुरता वर येणार कसा?

"दाजी, हा घ्या तुमचा पेट्रोल पिणारा."

दाजींनी फ्लोट हलवून पाहिला आणि खाली ठेवला. नवा बसवल्यावर काटा भरल्या टाकीला शोभेल असा वर चढला. माफीचा 'म' काही निघाला नाही. उलट दाजी खुशीत म्हणाले, "बरं झालं! आता कोणी थेंब काढला तरी कळेल."

मेहुण्याने हात पुसले आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"मग आता गाडीही काट्यालाच चालवू द्या," तो म्हणाला आणि पायीच निघाला.