न चाखलेलं तीर्थ

माणूस पाण्यावर उताणा पडला होता आणि बुडत नव्हता. दोन्ही हात छातीवर बांधलेले, पायाचे अंगठे आभाळाकडे, डोळे मिटलेले. हात मारत नव्हता, पाय हलवत नव्हता. देवळाच्या ओट्यावर चटई टाकून दुपारी कुणी आडवं व्हावं, तसा तो तळ्यात आडवा झाला होता. काठावर भोईवाडा, लालबाग, कॉटन ग्रीन, सगळं लोटलं होतं. कुणी हात जोडलेले, कुणी तोंडात पदर धरलेला.

"बघा," क्षारनाथ महाराज म्हणाले, "पाप म्हणजे शिसं. पुण्य म्हणजे पिंपळाचं पान. पानाला आई तळहातावर घेते, शिशाला तळ दाखवते. आणि मंडळी, मुंबईचा निकालसुद्धा दिल्लीत नाही लागायचा. इथं लागेल. खरी आहे ती तरणार."

मुंबईचं नाव निघालं की त्या दिवसांत टाळी पडायचीच. सत्तावन्न सालची होळी जवळ आली होती. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून गोळ्या खाल्लेल्यांच्या घरची सुतकं फिटली होती, राग फिटला नव्हता. त्या आगीवर कुणीही येऊन आपली पोळी भाजून घ्यावी, अशी ती आग होती. महाराजांनी तर तवाच मांडला होता.

हे सगळं चाललं होतं ते वडाळ्यापलीकडच्या एका जुन्या मिठागरात. भराव पडत गेले तशी खाडी लांब हटली. आता तिथून समुद्र दिसत नाही, भरती-ओहोटी कळत नाही. पण जमिनीच्या पोटात खार राहून गेला आहे. विहिरीतून ते खारं पाणी उपसायचं, उथळ वाफ्यांत पसरायचं, आणि मग माणसाने काही करायचं नाही, उन्हाने करायचं. निम्मे वाफे तेव्हाच ओसाड पडले होते. उरलेल्यांत फळ्यांनी मीठ ओढणाऱ्या बायका गायच्या,

ऊन गं पाणी प्यालं, मीठ राहिलं वाफ्याला
दुःख गं बाई प्याली, मीठ राहिलं डोळ्याला

मिठागराच्या मधोमध दगडी बांधणीची दोन जुनी तळी आहेत, शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. बांधावर महाराजांनी देवी म्हणून एक शेंदरी दगड बसवला आणि तळ्यांची नावं ठेवली आईचा उजवा हात आणि आईचा डावा हात. कुणावर चोरीचा आळ असो, बाहेरख्यालीचा असो, त्याने इथे यायचं. महाराज देवीच्या दोन खांद्यांवर दोन फुलं चिकटवायचे. कोकणातून आलेल्या माणसाला कौल नवा नाही. उजवं फूल पडलं तर उजव्या तळ्यात उतरायचं, डावं पडलं तर डाव्या. मग पाण्यावर पाठ टेकायची, हात छातीवर बांधायचे आणि पूर्ण श्वास सोडून "आई" अशी आरोळी द्यायची. उजव्या तळ्यातला तरायचा. डाव्यातला गटांगळी खायचा. तरलेल्याच्या अंगावर वाळता वाळता पांढरी भुकटी उमटायची, तिला महाराज आईची विभूती म्हणायचे. आणि एक नियम होता. हे तीर्थ ओठाला लावायचं नाही. लावलं तर जीभ झडते.

आमची माणसं गोमूत्राचं तीर्थ पितात, पाय धुतलेलं पाणी पितात. न पिण्याचं तीर्थ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

मी भोईवाड्यातल्या ज्या चाळीत राहते आणि ज्या शाळेत शिकवते, त्यांच्यामध्ये एक रस्ताच काय तो आहे. चाळीत माझ्या डाव्या हाताच्या खोलीत मालन राहायची, तिच्यापुढे सखुबाई. मालन विधवा, पदरात नलू नावाची मुलगी. पोलिसांच्या वसाहतीत एका इन्स्पेक्टरच्या घरी ती स्वयंपाक करायची. सखुबाईचा चंदू गिरणीत बदली कामगार आणि मुंबईसाठी लढणाऱ्या समितीचा कार्यकर्ता. वॉरंट निघाल्यावर तो चाळीतच पोटमाळ्यावर लपला होता. त्याला भाकरी वर द्यायची ती मालनच, कारण सखुबाईचे गुडघे शिडीला तयार नव्हते. एका सकाळी पोलीस आले आणि इकडेतिकडे न बघता थेट पोटमाळ्याखाली उभे राहिले.

पोलिसांच्या घरी पोळ्या लाटणारी बाई आणि पोलिसांना ठाऊक असलेला पोटमाळा. चाळीने दोन्ही एकत्र बांधायला एक दुपारही घेतली नाही. नळावर मालनची कळशी लागली की दुसऱ्या बायका आपल्या मागे ओढून घ्यायला लागल्या. नलूला गोट्यांच्या खेळातून उठवलं. चाळीच्या मंडळींनी निरोप धाडला की निर्दोष असशील तर मिठागरावर चल, नसशील तर खोली सोड. सगळ्यांत कमी बोलली ती सखुबाई. ती एवढंच म्हणाली की तरलीस मालन, तर चारचौघांत तुझ्या पायावर डोकं ठेवीन.

मालनला ते एकच वाक्य लागलं होतं. खोली गेली तर दुसरी बघता येते, पण सखू. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढली होती.

मी मालनला पुष्कळ सांगून पाहिलं. मग गिरगावात गेले, खोताच्या वाडीजवळ राहणाऱ्या सुमेधाबाई कोठारेंकडे. त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि दर थंडीत मुलींना हेच मिठागर दाखवायला आणतात. मीठ पुस्तकात पिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या की उजवं तळं म्हणजे आटवून दाट केलेल्या पाण्याचा साठा. त्यात म्हैस टाकली तरी तरंगेल. डाव्याबद्दल त्यांना आठवेना, मागच्या थंडीत तिथे कामगार कपडे धुताना पाहिले होते म्हणाल्या.

रविवारी त्या आमच्याबरोबर आल्या. वाटेत मी मालनला कानात सांगितलं की अगं ते पाणीच तसं आहे, आईबिई काही नाही.

"मग बरंच की गो बाई," मालन म्हणाली. "पाण्यानं तरले काय नि आईनं तरले काय. सखूनं बघितलं म्हणजे झालं."

रांगेत महाराजांचा चेला धर्मा, तळ्यात उताणं पडलेलं मघाचं पिंपळपान तोच, वाळत आलेल्या अंगावर पांढरी भुकटी मिरवत फिरत होता. प्रत्येकाशी गोड बोलत होता. कुठून आलात, काय झालं, कुणावर संशय आहे, तुमच्या मनाला काय वाटतं. सखुबाईजवळ तो बराच वेळ उकिडवा बसला होता. तिने डोळे पुसत काहीतरी सांगितलं, त्याने मान डोलावली आणि बांधावर जाऊन देवीला नमस्कार घातला.

मालनची पाळी आली. महाराजांनी फुलं लावली, घंटा वाजवली, मुंबईचं गाऱ्हाणं घातलं. डावं फूल पडलं.

गर्दीतून एक आवाज निघाला, लांबलेला, समाधानाचा. मालनने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले तर चाळीतल्याच दोघांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. सुमेधाबाई ओरडल्या की थांबवा हे, पण आरतीच्या टाळ्या सुरू झाल्या होत्या. मालन नऊवारीसकट डाव्या तळ्यात उतरली. तिने पाठ टेकली, हात बांधले, सगळा श्वास सोडून "आई" म्हटलं. आणि ती खाली गेली. आधी चेहरा, मग छातीवरचे हात. पाण्यावर लुगड्याचा एक फुगा राहिला, तोही बसला.

नलू किंचाळली. धर्माने सवयीने बांबू पुढे केला. मालनला बाहेर काढलं तेव्हा ती खोकत होती आणि नाकातोंडातून पाणी जात होतं. दोघेचौघे थुंकले. सखुबाई तोंड फिरवून उभी राहिली.

तेव्हा सुमेधाबाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि त्या उजव्या तळ्याच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. गिरगावच्या जुन्या घरातली बाई, पांढरं पातळ, अंबाड्यात अबोली.

"मंडळी," त्या वर्गात बोलतात तशा बोलल्या, "मी मुंबईची गव्हर्नर आहे. माझं वय सोळा वर्षं. काल मी राणीच्या बागेतला हत्ती चोरून आणला, तो आमच्या माडीवर बांधलाय. यातलं एक अक्षर खरं नाही. आता बघा."

आणि महाराज "अहो बाई, कौल नाही लागला" म्हणेपर्यंत त्या पाण्यावर उताण्या झाल्याही होत्या. तरंगल्या. पातळाचे सोगे भोवती पसरलेले, अंबाड्यातली अबोली सुटून शेजारी तरंगणारी. तरंगत तरंगत त्यांनी आणखी दोन-तीन थापा मारल्या. हसायला एक म्हातारा लागला, मग एक बाई, मग सगळा काठ.

महाराज म्हणाले की आईची लीला अगाध आहे, शिकल्यासवरल्या बाईची तिने परीक्षा घेतली. सुमेधाबाई पायरीवर येत म्हणाल्या, मग तुमच्या पुण्यवान धर्माचीही घेऊ या, डाव्या हातात. धर्मा मागे सरला. पण मघाशी मालनवर थुंकणाऱ्यांनीच त्याला उचललं आणि डाव्या तळ्यात सोडलं. त्यांना कुणाला तरी बुडवायचंच होतं, कोण ते फारसं महत्त्वाचं नव्हतं. धर्माला पोहता येत नव्हतं. त्याचाच बांबू त्याच्यापुढे करावा लागला.

"आता बोट बुडवा आणि चाखा," सुमेधाबाई म्हणाल्या. "दोन्हीकडचं. जीभ झडली तर माझी कापून घ्या."

कुणी हलेना. शेवटी सुमेधाबाईंनी स्वतः चाखून दाखवलं, मग मी, मग मागचे. उजवीकडचं इतकं खारट की ओकारी यावी. डावीकडचं गोडं, पावसाचं साठवलेलं. मिठागरातल्या माणसांच्या धुण्याभांड्यांचं. दाट खारं पाणी माणसाच्या अंगापेक्षा जड, म्हणून ते त्याला वर ढकलतं. गोड्या पाण्यात माणूस जेमतेम तरतो, तोही छातीत हवा असेल तर. म्हणून आरोळी ठोकायची, ती पूर्ण श्वास सोडून. विभूती म्हणजे वाळलेलं मीठ. कौलाचं तर त्याहून सोपं निघालं. देवीच्या ज्या खांद्यावर फूल टिकलं होतं, तिथे मुंग्या लागल्या होत्या. जे पडायला हवं ते फूल नुसत्या पाण्याने चिकटवायचं, जे टिकायला हवं ते गुळाच्या पाकाने.

मग एकाने विचारलं की पण महाराजांना कसं कळायचं, कुणाला बुडवायचं ते. सुमेधाबाईंनी धर्माकडे बोट केलं. रांगेत त्याने कुणाला काय विचारलं ते आठवा, म्हणाल्या. तुम्ही ज्याला दोषी म्हणत होता, तोच बुडत होता. म्हणून तर निकाल तुम्हाला इतका पटायचा.

गर्दी महाराजांवर धावली. शेंदरी दगड तळ्यात गेला, महाराज वाफे तुडवत पळाले. सुमेधाबाईंचा जयजयकार झाला. महाराजांच्या नावाने झाला होता तसाच, त्याच आवाजात. त्यांनी तो ऐकला आणि त्यांचा चेहरा पडला.

सखुबाई मात्र जागची हलली नव्हती. धर्माला रांगेत आपण काय सांगितलं, ते तिला आठवत असणार. मग ती मालनजवळ आली, गाठोड्यातून आपलं कोरडं लुगडं काढलं आणि खाली वाकली, पायांवर डोकं ठेवायला. मालनने पाय मागे घेतले.

"नको सखू," ती म्हणाली. "ह्या बाईंनी पाणी चाखायला लावलं म्हणून मी खरी ठरले. त्या नसत्या आल्या तर? चंदूला धरून नेला त्या दिवशी तुझ्या उंबऱ्यावर बसून मी तुला सांगितलं होतं, मी नाय सांगितलं कुणाला. तेव्हा तू माझ्याकडं नाय बघितलंस. ह्या तळ्याकडं बघितलंस."

लुगडं सखुबाईच्या हातातच राहिलं. मालन ओल्या लुगड्यानेच नलूचा हात धरून चालू लागली. चाळीने तिला राहा म्हटलं, अगदी आग्रहाने म्हटलं. महिना संपायच्या आत ती खोली सोडून गेली. कुठे गेली ते मला ठाऊक आहे, मी चाळीत कुणाला सांगितलेलं नाही.

चंदू पावसाळ्यात सुटून आला. खबर कुणी दिलीच नव्हती. पत्रकं आणायला तो स्वतःच छापखान्यात गेला होता आणि साध्या वेशातला पोलीस त्याच्या मागे मागे चाळीपर्यंत आला होता. पोटमाळ्याची शिडी भिंतीला लावलेली राहिली होती, एवढंच. आईने मालनबद्दल सांगितलं, तेव्हा तो जेवत्या ताटावरून उठला.

महाराज दुसरीकडे दुसरं काही मांडून बसले असतील. त्यांना शोधून काढा, जरूर काढा. पण माझं मागणं महाराजांशी नाही, तुमच्याशी आहे. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एक बोट बुडवा. ज्याला चाखू नका म्हणतात ते चाखा, ज्याला विचारू नका म्हणतात ते विचारा. आणि शेजारच्या बाईवर आळ येईल, तेव्हा देवाला, दगडाला, पाण्याला साक्षीला बोलावण्याआधी तिच्या समोर बसा आणि तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या. पाण्यातून माणूस बाहेर काढायला बांबू पुरतो. तुमच्या मनात बुडालेल्या माणसापर्यंत पोचेल असा बांबू अजून कुणाला मिळालेला नाही.